हॉलचे मालक गुणाजी तिर्लोटकर

गुणाजी तिर्लोटकरांचं लग्न लालबागच्या कानजी चाळीच्या चौकात लागलं, आणि मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाला खेटून एक माणूस टमरेल घेऊन गेला. गुणाजींच्या आयुष्याचा ताळेबंद मांडायचा तर आरंभीची शिल्लक म्हणून हे टमरेलच धरावं लागतं.

चाळीचा चौक नावालाच चौक. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला संडासांची रांग, आणि मांडव घालायला जागा ती मधलीच. लग्न लागेपर्यंत सगळ्यांनी जरा दम धरावा, असं वडीलधाऱ्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनी धरला. तळमजल्यावरच्या तात्या नार्वेकरांना मात्र धरवला नाही. तात्या गुणाजींच्याच वयाचे, त्यांच्याच मिलमध्ये, त्यांच्याच साचाखात्यात, मागांवर. म्हणजे परके म्हणून सोडून द्यावेत असेही नव्हते.

"मी थांबलो होतो हो," तात्या पुढे आयुष्यभर सांगत असत. "पण बायका थांबायला तयार नव्हत्या. भटजी संपवायला आला की आतून कोणीतरी नवीन अष्टक सुरू करायची. माणसाने किती थांबायचं?"

याच सुमाराला, हळद नीट उतरलीही नव्हती तेव्हा, गुणाजी परळच्या सरकारी दवाखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत एका सभेला गेले. महायुद्ध संपून, स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती आणि सरकारने बांधायला घेतलं होतं. दवाखाने, कचेऱ्या, शाळा, वसतिगृहं, सगळं एकाच पिवळ्या रंगात आणि एकाच तऱ्हेच्या जाळीच्या खिडक्यांत. परळला गिरणी कामगारांसाठी सभागृह बांधायचं ठरलं होतं आणि त्या दिवशी कोनशिला बसवायची होती. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, "कामगाराच्या मुलीचं लग्न यापुढे चाळीच्या बोळात लागणार नाही." टाळ्या पडल्या. गुणाजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टमरेलाची बातमी इतक्या वरपर्यंत गेली कशी, याचाच ते विचार करत राहिले.

घरी येऊन त्यांनी नव्या बायकोला सांगितलं, "सुभद्रा, आपल्या चेडवाचा लगीन त्या हॉलात लागतला."

सुभद्राकाकूंना सासरी येऊन आठवडा झाला होता. त्या म्हणाल्या, "खयचा चेडू?"

मुलगी पुढे यथावकाश झाली. तिचं नाव राधा. हॉल मात्र झाला नाही.

जोतं झालं, ते वेळेवर झालं. मग सिमेंट परमिटवर गेलं. मग मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं आणि कोनशिलेवर राज्याचं नाव जुनं राहिलं. नकाशे पुण्याला गेले आणि परत आले तेव्हा त्यातला एक मजला कमी झाला होता. भूकंपाच्या वर्षी सिमेंट कोयनेकडे वळलं, ते योग्यच होतं. मधल्या काळात जोत्यावर पोरं क्रिकेट खेळत, कोळणी माशांच्या टोपल्या टेकवून घटकाभर बसत आणि गणपतीच्या आधी मूर्तिकार तिथे माती मळत. गुणाजी पाळी सुटल्यावर वाट वाकडी करून तिथे जात आणि कोनशिलेवरची धूळ रुमालाने पुसत. चाळीत कोणी विचारलं, की सांगत, "काम चालू आसा." जोतं हे काम चालू असल्याचं लक्षण आहे, असं ते मानत. सरकारी खात्यात सगळी नोकरी काढल्यावर मला त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही.

राधा मॅट्रिक झाली, शिवण शिकली, बालवाडीत शिकवायला लागली. स्थळं येत, चांगली येत, आणि बोलणी हॉलपाशी येऊन अडत. लग्न कुठे, असं विचारलं की गुणाजी जोत्याकडे बोट दाखवत. एका मुलाकडच्यांनी ते शब्दशः घेतलं आणि ऊन फार लागेल म्हणून नकार दिला.

"सरकाराक खय चेडू उजवूचा आसा?" सुभद्राकाकू म्हणत. "तुमका उजवूचा आसा."

"हॉल होवंदे गो. मगे बघूया."

मिलचा संप सुरू झाला त्या वर्षी मी नुकता बी.कॉम. होऊन आमच्या बांधकाम खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. घर गिरगावात, नेमणूक परळच्या साइटवर, पत्र्याच्या ऑफिसात. कारण इतक्या वर्षांनी हॉलचं काम खरोखर सुरू झालं होतं. खांब उभे राहिले होते, पहिला स्लॅब पडायचा होता, आणि बाहेर रस्त्यावर गिरणगाव बंद होतं. भोंगे वाजत नव्हते. माणसं गावाला निघाली होती. गुणाजींच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. भावाने गावाहून निरोप पाठवला, की येऊन राहा, भात आहे, आंबे आहेत.

गुणाजींनी उलट निरोप पाठवला, की स्लॅब पडायचा आहे, आत्ता येता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या पत्र्याच्या ऑफिसात आले. धोतर, कोट, काळी टोपी. आमचे डेप्युटी इंजिनिअर टिपणीस साहेब नकाशात डोकं घालून बसले होते. गुणाजींनी काम मागितलं. साहेबांनी विचारलं, बांधकामाचं काय येतं? गुणाजी म्हणाले, "सायबानू, ह्या जोत्यार मी सगळ्यांच्या आदी इलंय." टिपणीस साहेबांना रखवालदार हवाच होता. रोजंदारीवर घेतलं. नियमाप्रमाणे रखवालदाराने साइटवरच राहायचं; बायकोमुलांसह राहायची मुभा असते. सुभद्राकाकू आणि राधा चाळीतच राहिल्या, पण गुणाजींची वळकटी त्या दिवसापासून हॉलमध्ये आली.

आता रखवालदाराचं काम सळ्या आणि सिमेंट राखायचं. गुणाजी इमारत राखायला लागले. साचेवाल्याला कापडात एक धागा सुटलेला दिसतो. इथे त्यांना प्लास्टरमधला प्रत्येक उंचवटा दिसू लागला. स्लॅब पडल्यावर त्यावर पाणी मारायचं काम बिगाऱ्यांचं, पण ते गेल्यावर गुणाजी पुन्हा बादली घेऊन वर चढत. स्लॅबला तहान लागते म्हणत. मुकादम होता साताऱ्याकडचा, कुशाबा. त्याच्या गवंड्यांना ते कामातून उठवून भिंत दाखवत.

"कुशाबा, ह्यो कोनो बघ. हय नवरीचो पाट ठेवलो तर कलंडतलो."

"मालक, कोपऱ्यात नवरी कशाला ठेवताय?"

असं करत करत त्यांचं नाव मालक पडलं. आधी चेष्टेत, मग सवयीने. "मालक, दार लावा." "मालक, जरा बिडी द्या." टिपणीस साहेबसुद्धा एकदा चुकून "मालकांना बोलवा" म्हणाले आणि मग खोकले. गुणाजींनी हाकेला कधी हरकत घेतली नाही. उलट, गवंड्यांना चहा आला की आधी त्यांना देऊन मग स्वतः घेत, जसं घर बांधणाऱ्याने करायचं असतं.

संपाला दोन वर्षं होऊन गेली. तो संपला असं कोणी कधी सांगितलं नाही, पण काही मिलचे भोंगे पुन्हा वाजू लागले. गुणाजींच्या मिलचा वाजला नाही. इकडे हॉलचा रंग झाला, खात्याचाच पिवळा. मोझेकच्या लाद्या बसल्या. रंगमंच, मागे दोन खोल्या आणि त्यांच्याही मागे, वेगळ्या दाराने जायचे संडास. हा भाग पाहायला गुणाजींनी तात्या नार्वेकरांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. तात्यांनी साखळी ओढून पाहिली, पाणी आलं, आणि ते म्हणाले, "गुणाजी, एवढ्यासाठी पोरीला इतकी वर्षं थांबवलीस होय रे? माझ्याकडे येऊन सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी गावाला गेलो असतो."

हॉल तयार होतोय म्हटल्यावर गुणाजींनी स्थळ पक्कं केलं. दादरचे रामचंद्र सातार्डेकर, त्यांचा मुलगा टेलिफोन खात्यात. माणसं सरळ, फक्त वेळेची पक्की. उद्घाटनाची तारीख मंत्रालयातून आली, मे महिन्याच्या आरंभीची. गुणाजींनी त्याच संध्याकाळी भटजींकडून नंतरचा मुहूर्त काढून घेतला आणि पत्रिका छापायला टाकल्या. विवाहस्थळ, कामगार सभागृह, परळ. ती ओळ त्यांनी छापखानेवाल्याला मोठ्या टायपात घ्यायला लावली. नवरा-नवरीची नावं त्याच्याखाली जरा लहान आली.

पत्रिका वाटून झाल्या आणि ऑफिसात फोन आला. मंत्रिमहोदयांना दिल्लीला जावं लागणार, उद्घाटन पुढे गेलं.

टिपणीस साहेबांनी गुणाजींना बोलावून सांगितलं. गुणाजी उभेच होते.

"मगे कधी, सायबानू?"

"कळवतील."

"आनी लगीन?"

"उद्घाटनाआधी कार्यक्रम करता येत नाही, गुणाजी. हॉल अजून ताब्यात दिलेला नाही. कुणाला द्यायचा तेही अजून वरून कळायचं आहे. मी चावी दिली तर माझीच चौकशी लागेल."

साहेबांचं चुकत नव्हतं. गुणाजींनाही ते कळत होतं. बाहेर जाऊन पायरीवर बसले. कुशाबाने चहा पाठवला तो तसाच गार झाला.

कानजी चाळीत ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तात्या चौकातच बसले होते. "गुणाजी, चौक मोकळा आहे," ते म्हणाले. "आणि हवं तर मी आदल्या दिवसापासून उपास धरतो."

चाळ हसली. गुणाजी जिना चढून वर गेले. सुभद्राकाकूंनी ताट वाढलं, त्यांनी ते बाजूला सरकवलं. मे महिना, परळ-दादरचे सगळे हॉल कधीच लागलेले होते. सातार्डेकरांनी विचारून पाहिलं होतं आणि सांगून पाठवलं होतं, की स्थळ बदललं तरी आमची हरकत नाही, मुहूर्त बदलू नये; आषाढ लागला की मग थेट दिवाळीनंतर, आणि तोवर मुलाची बदली होणार.

"चौकात करूया," सुभद्राकाकू म्हणाल्या. "माजा नाय झाला?"

"तुझा झाला ता मी बघलंय."

"बाबा," राधा म्हणाली, "मला लग्न करायचंय, उद्घाटन नाही. चौकात चालेल."

मुलगी हे समजूत घालायला बोलली होती. गुणाजींना ते फार लागलं. इतकी वर्षं थांबवून ठेवलेली मुलगी शेवटी त्याच बोळातून घराबाहेर पडणार, आणि तीही कुरकुर न करता. ते रात्रीचे न जेवताच पहाऱ्यावर आले. हे सगळं सकाळी त्यांनीच मला सांगितलं, माझ्या टेबलासमोर उभं राहून. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

यातून वाट निघाली ती एका सुताराच्या अंगठ्यामुळे.

रंगमंचाची फळ्यांची जमीन तेवढी व्हायची राहिली होती. त्या कामावरच्या सुताराचा अंगठा पटाशीने कापला. त्याच आठवड्यात दिव्यांचं एक अख्खं झुंबर फुटलं, आणि टिपणीस साहेब चहाला गेले असताना छताचं प्लास्टर नेमकं हॉलमध्ये मांडलेल्या त्यांच्या खुर्चीवर पडलं. सुतारांनी अवजारं आवरली. कुशाबा साहेबांपुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, वास्तुशांत झाली नाही. माणसं हात लावायची नाहीत."

"कुशाबा, ही सरकारी इमारत आहे. सरकारला धर्म नसतो."

"सरकारला नसंल साहेब. सुताराला हाय."

टिपणीस साहेब कागदोपत्री विज्ञानवादी होते. पण खुर्ची त्यांची होती. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि विचारलं, "तुमच्या गिरगावात कोणी भटजी आहेत का? फार गाजावाजा न करणारे?"

आमच्या वाडीतल्या पाटणकर गुरुजींना मी घेऊन आलो. गुरुजींनी हॉल फिरून पाहिला, दिशा पाहिल्या, समाधान दाखवलं आणि सतरंजीवर बसून विचारलं, "यजमान कोण?"

"म्हणजे?" टिपणीस साहेब.

"वास्तू कुणाची? संकल्प कुणाच्या नावाने सोडायचा?"

"महाराष्ट्र शासनाच्या."

"गोत्र?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुशाबाकडे पाहिलं.

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणता येतं," गुरुजींनी उदारपणे मार्ग काढला. "पण वास्तुशांतीला जोडपं लागतं. शासनाच्या पत्नी कोण?"

टिपणीस साहेबांनी कपाळ पुसलं. स्वतः ते बसू शकत नव्हते. अधिकारी पूजेला बसला हे वर कळलं असतं, शिवाय त्यांच्या सौभाग्यवती नागपूरला होत्या. ठेकेदाराने अंग काढून घेतलं. मी अविवाहित.

"ह्या वास्तूत राहतं कोण?" गुरुजींनी विचारलं. "दिवा कोण लावतं इथे?"

"मालक," कुशाबा म्हणाला. मागे उभ्या असलेल्या गवंड्यांपैकीही कोणीतरी तेच म्हणालं. मग सगळे दाराकडे पाहू लागले. दारात गुणाजी झाडू घेऊन उभे होते.

गुरुजींना वाटलं मालक सापडले. "या, या," ते म्हणाले. "सपत्नीक बसायचं आहे. पूजा झाली की घर कुलूप लावून ठेवायचं नाही. काहीतरी मंगलकार्य लगोलग व्हायला हवं. घरात काही कार्य आहे का?"

गुणाजींनी झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवला. "आसा," ते म्हणाले. "चेडवाचा लगीन आसा. तारीख काढलेली आसा. पत्रिकापन छापल्यानी."

"झालं तर मग," गुरुजी म्हणाले.

टिपणीस साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी शंका होती, ती पुढे मी कितीतरी साहेबांच्या चेहऱ्यावर पाहिली. करायचं तर आहे, पण बसेल कशात?

मी विचार करून म्हणालो, "साहेब, हॉलमध्ये कार्यक्रम करता येत नाही, हे बरोबर आहे. पण रखवालदाराला साइटवर कुटुंबासह राहायची परवानगी आहे. राहत्या जागी घरगुती कार्य करायला मनाई असल्याचं माझ्या पाहण्यात नाही."

"त्याची राहती जागा म्हणजे किती?"

"पहारा सगळ्या इमारतीवर आहे, साहेब."

टिपणीस साहेबांनी वर छताकडे, प्लास्टर पडलेल्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बँड नको."

शनिवारी गुणाजी आणि सुभद्राकाकू महाराष्ट्र शासनाच्या वतीने पूजेला बसले. गोत्र त्यांनी स्वतःचंच सांगितलं. सुतारांनी प्रसाद घेतला आणि दुपारपासून फळ्या ठोकायला सुरुवात केली. संध्याकाळी रंगमंच तयार होता.

रविवारी लग्न. बँड नव्हता, पण कानजी चाळ होती, त्यामुळे आवाजाला कमी पडलं नाही. गावाला गेलेले काही जण रातराणी एसटीने परत आले होते. संपात कोमेजून गेलेली माणसं इस्त्रीचे कपडे घालून पिवळ्या भिंतींकडे मान वर करून पाहत होती, आणि गुणाजी प्रत्येकाला आधी मागचं दार दाखवत होते.

प्रवेशद्वाराशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी बसवून तयार होती. वर मंत्रिमहोदयांचं नाव, तारखेच्या जागी कोरा दगड, आणि सगळ्यावर लाल मखमलीचा पडदा. दादरच्या विहीणबाईंनी पडदा पाहिला आणि विचारलं, "हे काय?" गुणाजींनी पडद्याची चुणी सरळ केली. ते म्हणाले, "आमचो देव आसा. अजून उघडूक नाय." विहीणबाईंनी पदर सावरला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग त्यांच्या मागच्या बायकांनीही लावलं. टिपणीस साहेब साध्या कपड्यांत, पाहुण्यासारखे आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि ते तोंडाला रुमाल लावून बाजूला गेले.

मुहूर्ताला अंतरपाट धरला. गुरुजींनी घसा साफ केला. तेवढ्यात गुणाजी वधूपित्याच्या जागेवरून उठून, रंगमंच उतरून दुसऱ्या रांगेपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तात्या, जावन इलस ना?"

"जाऊन आलो रे बाबा," तात्या म्हणाले. "दोनदा."

तरी गुणाजींनी त्यांना तिथून उठवलं आणि हॉलच्या अगदी मागे, संडासाकडच्या दाराजवळ, दिव्या-पंख्यांच्या बटणांच्या फळीशेजारी खुर्ची दिली. पुन्हा तशी वेळ आलीच तर तात्यांना कोणालाही ओलांडावं लागू नये, इतका सरळ हिशेब होता.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि वायरमनने, पाहुण्यांना उकडू नये म्हणून, सगळे पंखे एकदम लावले. नवे पंखे, एकदाही पूर्ण वेगाने न फिरलेले. पहिल्या "सावधान"ला उधळलेल्या अक्षता नवरानवरीवर पडल्याच नाहीत. त्या उलट फिरल्या आणि सातार्डेकरांच्या चष्म्यावर, विहीणबाईंच्या गजऱ्यात आणि गुरुजींच्या उघड्या तोंडात गेल्या. गुरुजींना ठसका लागला. अंतरपाट शिडासारखा फुगला आणि धरणाऱ्याच्या हातून सुटायला आला. मुहूर्ताआधीच नवरानवरी समोरासमोर दिसणार, अशी वेळ आली.

पुढून ओरडून मागे काही ऐकू जाईना. हॉल घुमत होता. गुणाजींनी रंगमंचावरून हात वर केला आणि हवेत आडवा फिरवून खाली ओढला.

साचाखात्यात शेकडो साचे एकदम खडखडतात, तिथे कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. माणसं हातांनी बोलतात. ही खूण पट्टा उतरव, साचा बंद कर, अशी होती. ती वायरमनला कळणार नव्हती. फळीशेजारी बसलेल्या तात्यांना कळली. दोन वर्षांत त्यांनी साचा पाहिला नव्हता. पण हात वर गेल्याबरोबर ते उठले आणि फळीवरची सगळी बटणं तळव्याने एका झटक्यात वर ढकलून बंद केली.

पंखे थांबले. अंतरपाट सरळ झाला. गुरुजींनी पाणी पिऊन पुढचं अष्टक म्हटलं, आणि बायकांनी त्यानंतर आणखी बरीच म्हटली, पण हरकत नव्हती. कोणाला कुठे जायचं असेल तर मागे दार होतं. शेवटच्या "सावधान"ला अक्षता जिथे पडायच्या तिथे पडल्या.

जेवणं झाल्यावर गुणाजी तात्यांजवळ येऊन बसले. दोघांनी एक बिडी निम्मी निम्मी ओढली.

"बरा झाला," गुणाजी म्हणाले.

"हॉल बरा आहे," तात्या म्हणाले. "चौकात पंखे नव्हते, एवढंच आपलं नशीब."

उद्घाटन पुढे थंडीत झालं. मंडप, हार, फटाके. मंत्रिमहोदयांनी पडद्याची दोरी ओढण्याआधी त्यावरची हळदकुंकवाची बोटं पाहिली आणि स्थानिक भगिनींच्या या प्रेमाबद्दल भाषणात खास आभार मानले. ते म्हणाले, की या वास्तूत आज पहिलं मंगलकार्य होत आहे. मागच्या रांगेत कानजी चाळीच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात माहेरपणाला आलेली राधा, सातवा महिना लागलेली. बायका एकमेकींकडे न पाहता समोर पाहत राहिल्या.

भाषणानंतर मंत्रिमहोदय कामगारांना भेटायला रांगेपाशी आले. खाकी गणवेशातल्या गुणाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय काका, आता लागतील ना इथे आपल्या मुलींची लग्नं?"

"लागतली सायबा," गुणाजी म्हणाले. "पन मंगलाष्टकां चालू आसताना पंखे बंद ठेवूक होये. अक्षता उडतत."

टिपणीस साहेबांनी छताकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. मंत्रिमहोदय मात्र प्रसन्न झाले. सामान्य माणूस किती पुढचा विचार करतो, असं ते साहेबांकडे वळून म्हणाले, आणि ही सूचना अमलात आणा, असा तिथल्या तिथे आदेश दिला.

गुणाजींची मिल पुन्हा उघडली तेव्हा तिला इतके साचेवाले नको होते. ते हॉलवरच कायम झाले आणि हॉलवरूनच निवृत्त झाले. बुकिंगला येणारी माणसं अखेरपर्यंत मालक कुठे आहेत असंच विचारत. हॉलची नियमावली टिपणीस साहेबांच्या सांगण्यावरून मी टाइप केली होती. भाडं, अनामत, वेळ, स्वच्छता, आणि शेवटी तो नियम. पाटी अजून तिथेच आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, आणि इतक्या वर्षांत त्या नियमाचं कारण मला कोणीच विचारलेलं नाही. पंखे मात्र मंगलाष्टकांना सगळे बंद करतात.